आधी ऊन मोजा, मग रोप आणा

आमच्या मजल्यावर साताऱ्याहून एक नवं जोडपं राहायला आलं. घोडबंदर रोडवरची सोसायटी, अकरावा मजला, हॉलला लागून छोटी बाल्कनी. सामान लागायच्या आधीच तिनं तुळस आणली. दोन महिन्यांत ती गेली. दुसरी आणली, तीही गेली. तिसरी माना टाकायला लागली तेव्हा ती माझ्याकडे आली. "काकू, रोज पाणी घालते. शेणखत घातलं, गांडूळखत घातलं. गावाकडे आई काहीसुद्धा करत नाही, तरी अंगणातली तुळस कमरेला लागते. इथंच काय होतं?"

मी जाऊन पाहिलं. कुंडी हॉलच्या आतल्या कोपऱ्यात, देव्हाऱ्याच्या बाजूला. खिडकी तिथून आठ-नऊ फूट लांब, तिला काळी फिल्म लावलेली, आणि बाहेर दोरीवर चादरी. त्या तुळशीला पाणी मिळत होतं, खत मिळत होतं, माया तर भरपूर मिळत होती. जेवण मिळत नव्हतं.

ठाण्यात आणि नवी मुंबईत फ्लॅटमध्ये पहिल्यांदाच झाडं लावणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. आपल्याकडची बहुतेक रोपं कमी प्रकाशानं मरतात आणि आपण त्यांना पाणी-खत वाढवत राहतो. म्हणून आधी थोडं पानाच्या आत डोकावू, मग एकेक पायरी घेऊ.

खत म्हणजे जेवण नव्हे

झाडाचं जेवण पानात शिजतं. पानातलं हरितद्रव्य ऊन पकडतं. त्या ताकदीवर पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेलं पाणी यांची साखर करतं आणि ऑक्सिजन बाहेर सोडतं. हे प्रकाशसंश्लेषण. खोड, पान, कळी, मिरचीचं फळ, सगळं याच साखरेतून घडतं. झाड सुकवून वजन केलं तर त्यातला फार मोठा भाग मातीतून आलेला नसतो, हवेतून आलेला असतो. खतातून मिळतात ती खनिजं: नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश आणि बाकीची. ती आमटीतल्या मिठासारखी. मिठाशिवाय आमटी होत नाही, पण नुसतं मीठ खाऊन कुणाचं पोट भरत नाही.

१७७९ साली यान इंगेनहाउझ या डच डॉक्टरानं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पाण्यात बुडवलेल्या हिरव्या पानांवर उन्हात बुडबुडे धरतात आणि अंधारात ते थांबतात, हे त्यानं दाखवलं. अंधारात झाडही आपल्यासारखीच हवा खराब करतं, हेसुद्धा त्यानंच नोंदवलं.

ती दुसरी बाजू म्हणजे श्वसन. तयार झालेली साखर ऑक्सिजनच्या मदतीनं जाळून झाड आपला संसार चालवतं. मुळं वाढवणं, पानं दुरुस्त करणं, पाण्यातली खनिजं आत ओढणं, सगळ्याला हीच ऊर्जा लागते. 'झाड दिवसा प्रकाशसंश्लेषण करतं आणि रात्री श्वसन' असं शाळेतलं वाक्य आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते अर्धंच बरोबर आहे. श्वसन चोवीस तास चालतं. पान, खोड, फूल, मूळ, प्रत्येक जिवंत पेशी ते करत असते. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा जोर मोठा असतो म्हणून ते झाकलं जातं, एवढंच.

म्हणजे दिवसाउजेडी जमा आणि आठही प्रहर खर्च. जमा जास्त असेल तर उरलेल्या शिलकेतून नवी पानं फुटतात. दोन्ही सारखे झाले तर झाड आहे तिथंच थांबतं. जमा कमी पडली की ते खोडामुळांतला साठा मोडून खायला लागतं. नर्सरीतून आणलेलं रोप अंधाऱ्या हॉलमध्ये पहिले पाच-सहा आठवडे छान दिसतं ते याच साठ्यावर. साठा संपला की खालची पानं पिवळी पडून गळतात, आणि आपल्याला वाटतं काल-परवाच काहीतरी चुकलं. चूक पहिल्या दिवशीच झालेली असते.

पायरी १: बाल्कनीची दिशा ओळखा

मोबाइलमधला होकायंत्र उघडून बाल्कनीत बाहेर तोंड करून उभे राहा. ठाणं-नवी मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे आपला सूर्य वर्षभर दिशा बदलत राहतो.

पूर्वेची बाल्कनी नवशिक्यासाठी सगळ्यात सोपी. सकाळचं कोवळं ऊन मिळतं, दुपारी सावली. ऐरोली, रबाळे, घणसोली भागात पूर्वेला पारसिकचा डोंगर आहे, तिथं खालच्या मजल्यांना ऊन थोडं उशिरा पोचतं. पश्चिमेचं ऊन कडक, भिंतीही तापतात. वर्तकनगर, वसंत विहारकडे मात्र येऊरचा डोंगर पश्चिमेला असल्यामुळे ऊन लवकर उतरतं.

दक्षिण आणि उत्तर यांची गंमत समजून घ्या, कारण इथं बहुतेक जण फसतात. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य आकाशात फक्त ४७ अंशांच्या आसपास चढतो, तोही दक्षिणेकडे. म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत हिवाळ्यात ऊन खोल आत येतं. स्लॅब नऊ फुटांवर असेल तर जवळजवळ तितकंच आत. तेच मे महिन्यात ऊन कठड्याबाहेरच राहतं, कारण सूर्य डोक्यावर असतो. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात दुपारीही किंचित उत्तरेला असतो. तेव्हा वर्षभर सावलीत असलेल्या उत्तरेच्या बाल्कनीत मे महिन्यात अचानक ऊन येतं. त्यानंतर जूनचे ढग येतात, तो भाग वेगळा. ऑक्टोबरात घर घेतलं, दक्षिणेला छान ऊन पाहिलं, गुलाब लावला, आणि मेमध्ये गुलाबाला ऊनच नाही, असं होतं ते यामुळे.

पायरी २: ऊन मोजा

डोळ्यांवर विसंबू नका. उजेड कमी झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि आपल्याला खोली उजळच वाटत राहते. पानाला बाहुली नसते. प्रकाशाचं माप लक्स. मोकळ्या मैदानात दुपारचं ऊन एक लाख लक्सपर्यंत जातं. झाडाखालच्या मोकळ्या सावलीत दहा-वीस हजार मिळतात. खिडकीला चिकटून ठेवलेल्या कुंडीला, थेट ऊन नसेल तर, एक ते तीन हजार. आणि रात्री ट्यूब लावलेला आपला हॉल, ज्याला आपण लख्ख म्हणतो, तो दोन-तीनशे लक्सवर असतो. म्हणजे मैदानातल्या उन्हाचा काही शतांशसुद्धा नाही.

मोबाइलवर लक्स मोजणारी मोफत ॲप मिळतात. त्यांचे आकडे अगदी काटेकोर नसतात, पण या जागेपेक्षा ती जागा किती पट उजळ आहे हे कळायला पुरेसे असतात. फोन कुंडीच्या जागी, पानाच्या उंचीवर ठेवा आणि सेन्सर प्रकाशाकडे वळवा. ॲप नको असेल तर पांढरा कागद ठेवून त्याच्या फूटभर वर हात धरा. सावलीची कड सुरीसारखी स्पष्ट आली तर भरपूर प्रकाश आहे. बोटं ओळखू येतात पण कडा विरघळलेल्या आहेत, तर मध्यम. नुसताच धुरकट डाग दिसला किंवा काहीच दिसलं नाही, तर तिथं रोप ठेवू नका.

याशिवाय एका रविवारी सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला बाल्कनीचा एकाच जागेवरून फोटो काढा. थेट ऊन किती तास, कुठल्या फरशीवर, हे संध्याकाळी एका नजरेत कळतं. मी हे वर्षातून चार वेळा करते. समोर नवा टॉवर उभा राहिला तेव्हा माझ्या मोगऱ्याच्या कुंडीचं ऊन पाच तासांवरून दोन तासांवर आलं. फोटो नसते तर मी कीड शोधत बसले असते.

काचेवरची काळी फिल्म, डासांची बारीक जाळी, वरच्या मजल्याचा पुढे आलेला पत्रा, वाळत घातलेल्या चादरी, हे सगळं प्रकाश खातं. कबुतरांची जाळी फार खात नाही. कडेची भिंत पांढरी असेल तर चांगला उजेड परत मिळतो. खिडकीपासून दर फुटागणिक प्रकाश झपाट्यानं उतरतो. कुंडी सहा फूट आतून उचलून खिडकीला आणून लावणं हे कुठल्याही खतापेक्षा मोठं काम आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

पायरी ३: मिळालेल्या तासांप्रमाणे रोप निवडा

थेट ऊन पाच-सहा तास असेल तर गुलाब, जास्वंद, मोगरा, झेंडू, तुळस, मिरची, टोमॅटो, वांगी घ्या. तीन-चार तास असेल तर पुदिना, पालक, मेथी, कोथिंबीर, पानांचा ओवा, अळू. कढीपत्ता मध्ये कुठंतरी बसतो, चार तासांत जगतो पण जोमानं वाढायला जास्त मागतो. साधा हिशेब असा की पान खायचं असेल तर कमी उन्हात भागतं, फूल-फळ हवं असेल तर जास्त लागतं. फळ म्हणजे साठवलेली साखर. शिल्लकच नसेल तर झाड फळ कुठून देणार? कळ्या गळतात त्यातल्या कितीतरी या कारणानं.

थेट ऊन नाही पण उजेड चांगला आहे, तर मनी प्लांट, स्नेक प्लांट, झेडझेड, सिंगोनियम, पीस लिली, स्पायडर प्लांट. यांचं श्वसन मंद असतं, खर्च कमी, म्हणून थोड्या जमेवर निभावतं. नर्सरीवाला 'सावलीत चालतं' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ 'अंधारात चालतं' असा घेऊ नका. पांढरे-पिवळे पट्टे असलेल्या मनी प्लांटला साध्या हिरव्यापेक्षा जास्त उजेड लागतो, कारण पांढऱ्या भागात हरितद्रव्यच नसतं. कमी उजेडात त्याची नवी पानं हिरवी व्हायला लागतात. ते झाड स्वतःची सोय लावतंय.

पायरी ४: नव्या रोपाला एकदम उन्हात ठेवू नका

एका एप्रिलमध्ये मी हिरव्या नेटखाली वाढलेली जास्वंद आणली आणि त्याच दुपारी पश्चिमेच्या कठड्यावर ठेवली. उन्हाचं झाड उन्हात, बरोबरच वाटलं. तिसऱ्या दिवशी वरच्या पानांवर रुपयाएवढे पांढरट डाग पडले, कागद भाजल्यासारखे. हात लावला तर कुरकुरीत. खालची, सावलीतली पानं ठणठणीत होती. कीड असती तर ती असा सूर्य बघून पानं निवडत बसली नसती.

सावलीत घडलेलं पान पातळ आणि रुंद असतं, उन्हात घडलेलं जाड आणि आटोपशीर. एकदा घडलेलं पान आपली जडणघडण फारशी बदलू शकत नाही. झाडाला नवी पानं काढूनच उन्हाशी जुळवून घ्यावं लागतं. म्हणून आठ-दहा दिवस द्या. पहिले दोन दिवस सकाळचं तासभर, मग दोन तास, असं वाढवत न्या. उन्हातलं झाड घरात आणायचं असेल तरी असंच हळूहळू. तेव्हा काही पानं गळतील, ती गळू द्या, खत घालू नका.

पायरी ५: पाणी उजेडाच्या हिशेबानं

हे सगळ्यात नीट वाचा, कारण पावसाळ्यात आपल्या भागातली निम्मी रोपं इथं जातात असा माझा अनुभव आहे.

मुळांनाही श्वास लागतो. त्यांना ऊन नको, पण ऑक्सिजन हवाच, आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळीतून मिळतो. पाणी साचलं की पोकळीतली हवा निघून जाते. मग मुळं गुदमरतात, कुजतात आणि पाणी ओढायचं थांबवतात. वर पानं मलूल होतात. आपण म्हणतो तहान लागली, आणि आणखी एक तांब्या ओततो.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर ओहोटीच्या वेळी ठाणे खाडीच्या कडेला जा. ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथं हे अगदी जवळून दिसतं. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीएवढ्या काड्या शेकड्यांनी उभ्या असतात. त्या काड्या म्हणजे तिवराची मुळंच, उलटी वर आलेली. खाडीच्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, म्हणून तिवर श्वास घ्यायला मुळं हवेत पाठवतं. भरती ओसरली की त्या काड्यांवरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते. तुमच्या तुळशीला, जास्वंदीला अशी सोय नाही. तिची कुंडी पाण्यात उभी राहिली तर ती खाडीचा चिखलच झाली.

तेव्हा जून लागताच कुंड्यांखालच्या ताटल्या काढा. कुंडी दोन विटांवर ठेवा, म्हणजे तळाची भोकं मोकळी राहतील. भरताना माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत साधारण सारखं घ्या, माती चिकट असेल तर मूठ-दोन मूठ जाड रेती घाला. नुसती लाल माती पावसात थापीसारखी बसते. आणि पाणी वार बघून घालू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. ढगाळ आठवड्यात पानात काम कमी होतं, पाणीही कमी खपतं. उजेड निम्मा झाला की पाणीही उतरवा, खत तर बंदच करा. माझी शेजारीण नेमकं उलट करत होती, आणि पहिल्या वर्षी जवळपास प्रत्येक जण तेच करतो.

पायरी ६: उन्हाळा आणि धूळ

'भरपूर ऊन म्हणजे भरपूर वाढ' हे एका मर्यादेपर्यंतच. एप्रिल-मेच्या दुपारी पाणी वाचवायला पान आपली रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी बारीक छिद्रं, मिटून घेतं, मग कार्बन डायऑक्साइड आत येत नाही आणि जेवण शिजायचं थांबतं. श्वसन मात्र उष्णतेनं वाढत जातं. तापमान १० अंशांनी वाढलं की ते ढोबळ मानानं दुप्पट होतं. रात्रीही भिंती तापलेल्या असतील तर खर्च रात्रभर चालू. जमा कमी, खर्च दुप्पट. पश्चिमेच्या बाल्कनीत या दोन महिन्यांसाठी ५० टक्क्यांची हिरवी नेट बांधा, पाणी सकाळी लवकर घाला आणि कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा. नेट जूनच्या पहिल्या ढगांबरोबर उतरवा. ती तशीच राहिली तर पावसाळ्यात आधीच कमी असलेला प्रकाश तुम्हीच निम्मा करता.

घोडबंदर रोडला, तळोज्याकडे, जिथं जिथं बांधकाम आणि ट्रक आहेत तिथं पानांवर धुळीचा थर बसतो. ओल्या मऊ फडक्यानं आठवड्यातून एकदा पानं पुसा, खालून हात धरून. त्याच दिवशी कुंडी पाव फेरा फिरवा, म्हणजे झाड एकाच बाजूला झुकत नाही.

रात्रीच्या दोन गोष्टी

बेडरूममध्ये झाड ठेवलं तर ते रात्री ऑक्सिजन संपवतं, ही भीती सोडून द्या. चार-पाच कुंड्या रात्रभरात जेवढा ऑक्सिजन वापरतात तो शेजारी झोपलेल्या एका माणसाच्या मानानं किरकोळ असतो. उलट बाजूनं, तुळस किंवा पिंपळ रात्री ऑक्सिजन देतात असंही ऐकू येतं. ऑक्सिजन सुटतो तो प्रकाशातच. कोरफड, स्नेक प्लांट यांची रंध्रं रात्री उघडतात आणि ती कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात, पण साखर करायला त्यांनाही सकाळची वाट पाहावी लागते. तुळशीवरची श्रद्धा यानं कमी होत नाही, माझी तरी झाली नाही.

दुसरी गोष्ट शेवंतीची. तिला फुलायला लांब, अखंड अंधार लागतो. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरात अकरा तासांपर्यंत येतो. रात्र लांबली की शेवंती कळ्या धरते. बाल्कनीत रात्रभर दिवा जळत असेल तर तिची रात्र मोडते. ऑक्टोबरनंतर तिला दिव्यापासून दूर हलवा.

उजेड नाहीच, तर

साधी पांढरी एलईडी ट्यूब चालते, जांभळ्या दिव्याची गरज नाही. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जास्त धरतं, आणि पांढऱ्यात दोन्ही असतात. ट्यूब पानांपासून नऊ ते बारा इंचांवर बांधा. छतावरची उपयोगाची नाही. बारा ते चौदा तास चालू, मग बंद. टायमर लावा. मेथी, कोथिंबीर, मनी प्लांट यावर छान येतात. टोमॅटोची अपेक्षा धरू नका.

घरात मुलं असतील तर ॲक्वेरियमच्या दुकानातून हायड्रिलाच्या काड्या आणा. जगदीशचंद्र बोसांनीही प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासासाठी हीच पाणवनस्पती वापरली होती. काचेच्या ग्लासात पाणी भरा, चिमूटभर खायचा सोडा घाला, काडीचं कापलेलं टोक वर ठेवून बुडवा आणि ग्लास उन्हात ठेवा. थोड्या वेळानं कापलेल्या टोकातून बुडबुड्यांची माळ सुटते. मिनिटाला किती ते मोजा. मग ग्लास दोन फूट आत न्या, थोडं थांबा, पुन्हा मोजा. मग देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात. माझ्या शेजारणीनं ग्लास तिथं नेला आणि बुडबुडे थांबलेले बघून लगेच मोबाइल काढून आईला फोन लावला.

तिची तिसरी तुळस तेव्हा लांबट, फिकट झाली होती, दोन पानांमध्ये बोटभर अंतर. अशी ताणलेली फांदी पुन्हा आखूड होत नाही. म्हणून आम्ही वरचे शेंडे चार बोटं लांबीचे कापले, खालची पानं काढली आणि पाण्यात घालून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. दोन आठवड्यांत पांढरी मुळं आली. ते शेंडे आता पूर्वेच्या कठड्याला लागून एका कुंडीत आहेत, चादरींची दोरी दुसऱ्या बाजूला गेली आहे, आणि जुन्या खोडालाही खालून दोन फुटवे आले आहेत, एकमेकांना चिकटून बसलेल्या गडद पानांचे.